मधल्या चोराजवळची बारकी

आमच्या घरात डोळे तपासायची एकच रीत होती. चैत्र-वैशाखात, दिवेलागणीनंतरची जेवणं आटोपली की आप्पा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांना अंगणात उभं करायचे आणि उत्तरेकडं काठी उचलून विचारायचे, "बारकी दिसती का?"

सप्तर्षींना ते बाजलं म्हणत. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे ती बाज चोरायला आलेले तीन चोर. मधल्या चोराला अगदी चिकटून एक पांढरा बारीक ठिपका आहे, ती बारकी. पुढं शाळेत गेल्यावर मला कळलं की मधला चोर म्हणजे वसिष्ठ ऋषी आणि बारकी म्हणजे त्यांची बायको अरुंधती. मी धावत येऊन ही बातमी सांगितली. आप्पा म्हणाले, "ऋषी असंल न्हायतर चोर असंल. तुला दिसती का ते सांग."

हा खेळ नव्हता. आप्पांचा ठाम विश्वास होता की ज्याला बारकी दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो. त्यांच्या वडलांनी त्यांना हे सांगितलं होतं, आणि सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीवर याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. पाऊस येईल की नाही याबद्दल सगळ्यांना शंका, पण बारकीबद्दल नाही. मी नीट निरखून, डोळे ताणून बघायची आणि "दिसती" म्हणून ओरडायची. आई मात्र मान वर करायच्या आधीच "दिसती की" म्हणून मोकळी व्हायची. तिला भांडी पडलेली असायची.

असंच एका वैशाखात ती "दिसती की" म्हणाली आणि भाद्रपदात गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. आप्पा दहाव्याच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती बगतच न्हवती. तिला दिसतच न्हवती, आन् बोलली न्हाय."

तोवर मी सोलापुरात विज्ञानाची शिक्षिका झाले होते. अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला नव्हती. "आप्पा, हे थोतांड हाय. आई हार्टनं गेली."

"त्ये बी खरं, ह्ये बी खरं," ते म्हणाले आणि मेंढरांकडं निघून गेले.

हा वाद आमच्यात पंचवीस वर्षं चालला. मला तो जिंकायचा होता, हे आधीच कबूल करते. बापाला खोटं पाडायचं नव्हतं. पण शिकलेल्या मुलीचं एखादं तरी म्हणणं त्यांनी मान्य करावं, एवढी हाव होती. म्हणून मी प्रत्येक सुट्टीत त्या ताऱ्याबद्दल काहीतरी नवीन वाचून न्यायची. आप्पा ऐकून घ्यायचे. कबूल करत नसले तरी त्यांना ते आवडायचं, हे मला त्यांच्या प्रश्नांवरून कळायचं.

"पांढरी का म्हनं ती?"

"तापलीय म्हणून. आपल्या सूर्यापेक्षा लई तापलीय. लोखंड भट्टीत आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. तसं."

"मग एवडी बारीक कशी दिसती?"

"लांब हाय. जवळ आणून ठेवली तर सूर्य तिच्यापुढं फिका पडंल. दहा-बारा सूर्यांपेक्षा जास्तच उजेड हाय तिचा."

यावर आप्पा म्हणाले, "बाई मानसाचं असंच असतंय. लांबून बारकी दिसती." हे ते आईबद्दल बोलले की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

एकदा मी सांगितलं, की आपला सूर्य स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला जवळजवळ महिना लावतो, आणि ही आपला एक दिवस संपायच्या आत दोनदा फिरून येते. इतकी गरगर फिरते की कंबरेत फुगली आहे. आप्पांना याचं फार हसू आलं. आणखी एकदा सांगितलं, की तिच्याजवळ एक लहानगा, लाल, मंद तारा सापडलाय, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा. तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "आन् आमी इतकी वर्सं तिला एकटी समजत हुतो." आणि तिचा आज दिसणारा उजेड ऐंशीएक वर्षांपूर्वी तिथून निघालाय, म्हणजे तुमचा जन्म झाला त्या सुमाराला, हे तर मी त्यांच्यासाठी खास राखून ठेवलं होतं. त्यावर आप्पा म्हणाले, "व्हय का? लई चाल झाली की मग." बास, एवढंच. वर्गातली मुलं यापेक्षा जास्त टाळ्या वाजवतात.

माझ्या लग्नात भटजींनी अरुंधतीदर्शन उरकलं ते दुपारी साडेबाराला, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. वर बघा म्हणाले. वर पंखा होता. आम्ही दोघांनी पंख्याला नमस्कार केला. आप्पांना ते सहन झालं नाही. संध्याकाळी पाठवणीच्या आधी त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं आणि बारकी दाखवली. मला दिसली. माझ्या नवऱ्याला चष्म्यातूनही ती दिसली नाही, आणि आजतागायत दिसलेली नाही. त्या बिचाऱ्याकडं आप्पा पुढचे सहा महिने इतक्या काळजीनं बघत होते की त्याला वाटलं, सासऱ्यांचा आपल्यावर फार जीव आहे. सहा महिने उलटले तेव्हा मी आप्पांना टोमणा मारला. ते म्हणाले, "त्येनं कवा बगितलीच न्हाय. आदी दिसून मग दिसंना झाली पायजे." थोतांडाला सुद्धा अशा पळवाटा असतात, त्यामुळं ते टिकतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी आप्पांनी मेंढरं विकली. कारण विचारलं तर म्हणाले, "मेंढरं आता लबाड झाल्यात. बाजूनं सटकत्यात. कळत बी न्हाय." मला वाटलं, म्हातारपण आलं, पाय चालत नाहीत, हे कबूल करायचं नाही म्हणून मेंढरांच्या माथी मारतायत. मी त्यांना सोलापूरला घेऊन आले. शुक्रवार पेठेतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहिलं की रस्त्यावरचा दिवा डोळ्यांत येत नाही आणि सप्तर्षी चांगले दिसतात. आप्पांनी आल्या दिवशीच ती जागा हेरली.

इथं आल्यावर ते धडपडायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. जिना उतरताना पाय चाचपत ठेवायचे. पाण्याचा तांब्या हाताच्या धक्क्यानं पडायचा. मला वाटायचं, उघड्यावर राहिलेला माणूस, त्याला भिंतींची सवय नाही. जेवताना ताटात डावीकडं शेंगाची चटणी वाढलेली असायची आणि आप्पा विचारायचे, "आज चटनी न्हाय का ग?" मी म्हणायची, "ती काय, समोर हाय की!" आणि वैतागून ताट गरकन फिरवून द्यायची. म्हातारी माणसं लक्ष वेधून घ्यायला काहीबाही करतात, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं. ते वाक्य आठवलं की आजही तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

खालच्या मजल्यावर एक तेलुगू मावशी राहतात. त्यांच्या घरात यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं, डोळ्यांची किंमत त्यांना कळते. आप्पा जिन्यात दोनदा त्यांना धडकले तेव्हा त्या वर आल्या. आप्पांना त्या अण्णा म्हणत. म्हणाल्या, "टीचर, अण्णांचे डोळे दाखवा की एकदा."

मी काय म्हणाले असेन? "मावशी, त्यांना अजून अरुंधती दिसते. मलासुद्धा चष्मा लावून बघावं लागतं. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

पंचवीस वर्षं जिला थोतांड म्हटलं, तीच परीक्षा मी पुरावा म्हणून पुढं केली. आणि हे मी अभिमानानं सांगितलं.

बरं, आप्पा खोटं बोलत नव्हते. दर चैत्रात ते टाकीच्या आडोशाला उभे राहत, बाजलं शोधायला मात्र आता फार वेळ लावत, मान इकडून तिकडं फिरवत राहत. पण एकदा मधला चोर सापडला की बारकी त्यांना खरोखरच दिसायची. मी बाजूला उभी राहून खात्री करायची. कुठल्या अंगाला दिसते, विचारलं की बरोबर सांगायचे.

मग आला तो चैत्र, ज्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकत नाही.

मी दरवर्षी आठवीच्या मुलांना एक युक्ती शिकवते. मंद तारा बघायचा असेल तर त्याच्याकडं सरळ रोखून बघू नका. जरा बाजूला बघा, तिरक्या नजरेनं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग उजेडात हुशार असतो, रंग ओळखतो, अक्षर वाचतो. पण अंधुक उजेडात कडेचा भाग जास्त तरबेज. म्हणून सरळ बघितलं की मंद तारा पुसट होतो आणि बाजूला बघितलं की उजळतो. मुलांना याची फार गंमत वाटते. मी ती आप्पांना शिकवायला गेले.

"तिरकं बघा आप्पा, मग जास्त चांगली दिसंल."

त्यांनी बघितलं. म्हणाले, "न्हाय. तिरकं बगितलं की जाती. सरळ बगितलं तरच हाय."

"उलटं सांगताय तुम्ही. सरळ बघितलं की जाते."

"माझी तर तिरकं बगितलं की जाती."

"आप्पा, हे शास्त्र हाय. सगळ्यांचे डोळे सारखेच असतात."

"असतील बाबा," ते म्हणाले. "पर जाती."

मी चिडून खाली निघून आले. त्या माणसानं मला आपल्या डोळ्यांत काय बिघडलंय ते अगदी अचूक, एका वाक्यात सांगितलं होतं. नेत्रतज्ज्ञानं सांगावं तसं. कडेची नजर गेलीय, मधली तेवढी राहिलीय. आणि मी, पडद्याचा मध्य आणि कड फळ्यावर खडूनं काढून दाखवणारी बाई, त्यांना शास्त्र शिकवत होते.

त्याच वर्षी श्रावणात गल्लीच्या तोंडाशी एका मोटारसायकलचा त्यांना धक्का लागला. गाडी हळू होती, हॉर्नही वाजवला होता. कोपर खरचटलं, एवढंच. मोटारसायकलवाला रडकुंडीला येऊन सांगत होता, "मॅडम, मी यांच्या शेजारीच होतो. यांनी बघितलंच नाही."

शेजारीच होतो. मेंढरं बाजूनं सटकत्यात. चटनी न्हाय का ग. मी तिथूनच आप्पांना रिक्षात घातलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात आप्पांना पांढऱ्या वाडग्यासारख्या एका यंत्रासमोर बसवलं. आत निरनिराळ्या ठिकाणी बारीक पांढरे ठिपके लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. बटणाचा आवाज येईल म्हणून कान देऊन होते. बराच वेळ काही नाही, मग एकदा टक. पुन्हा बराच वेळ काही नाही. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "त्येच्यात बी बारक्या हुत्या. पर लई थोड्या."

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. दोन्ही काळे, आणि मध्यभागी रुपयाएवढी पांढरी जागा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस मरत जाते. दुखत नाही, त्यामुळं कळत नाही. गेलेलं परत येत नाही; उरलेलं टिकतं का बघू. मग त्यांनी ते विचारलं, जे विचारणार हे मला माहीत होतं.

"इतके दिवस तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

मी सांगितलं. अरुंधती, गच्ची, सगळं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, हा आजार कडेनं आत येतो. मधलं सगळ्यात शेवटी जातं. तो तारा त्यांना शेवटपर्यंत दिसणारच होता."

थेंब सुरू झाले. पुढं शस्त्रक्रियाही झाली. दाब उतरला, नजर जायची थांबली नाही. आधी आलो असतो तर थांबली असती का, हे मी एकदा विचारलं. डॉक्टरीणबाई भल्या, त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. पण त्यांनी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतला त्यात मला ते कळलं.

मागच्या वैशाखात आम्ही वर गेलो. आता त्यांचा हात धरूनच न्यावं लागायचं. मी त्यांचा चेहरा उत्तरेकडं वळवून दिला, काठी बाजल्याच्या रोखानं धरून दिली. ते फार वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता आईसारखं "दिसती की" म्हणतील. म्हणावं, असं मी मनातल्या मनात विनवत होते.

"न्हाय," ते म्हणाले. "चोर बी न्हाय, बाजलं बी न्हाय."

आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. प्रवासाची गाडी ठरल्या वेळेला येणार हे कळलेल्या माणसासारखे ते बोलले. "चला. सा म्हैने. दिवाळी बगून जातो."

मी भांडले. थोतांड, थोतांड, दहा वेळा म्हणाले. जावयाचं उदाहरण दिलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पा जायच्या तयारीला लागले. मला गावी न्यायला सांगितलं. तिथं बांधावरच्या एकेका झाडाला हात लावला. घोंगडी चुलत्यांच्या घरी दिली, लोकर कातरायची कातर दिली. आईचं जिथं दहन केलं त्या जागी जाऊन उभे राहिले. परत येताना एसटीत चांगले गप्पा मारत होते. ते सहा महिने आप्पा मजेत होते. चव लागायची, झोप लागायची. चाचपडणं, सांडणं, माझ्या हातानं जेवणं, याचा त्यांना जाच वाटत नव्हता. थोड्या दिवसांचा प्रश्न होता. सण आला की मला विचारायचे, "आता किती ऱ्हायलं?" नागपंचमी झाली. पोळा झाला. दसरा झाला. मी वरवर रागवायची आणि मनातून भ्यायची. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कसली भीती? पण मी रोज सकाळी उठून आधी त्यांच्या छातीकडं बघत होते.

दिवाळी झाली. आप्पांनी पहिली अंघोळ केली, करंजी खाल्ली. कार्तिक सरला. आप्पांना सर्दीसुद्धा झाली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, प्रकृती ठणठणीत आहे, हृदय तर विशीतल्या पोरासारखं आहे. मला त्या डॉक्टरांचा राग आला.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मी शाळेतून आले. आप्पा खाटेवर बसले होते, भिंतीकडं तोंड करून. भिंतीकडं की दाराकडं, हे त्यांना आता सारखंच होतं.

"सा म्हैने झालं का ग?"

खोटं बोलता आलं असतं. अधिक महिना आला होता म्हणून सांगता आलं असतं. पण त्यांनी बारकीसमोर खोटं सांगितलं नव्हतं.

"व्हय आप्पा. झालं. वर पंधरा दिवस झालं."

ते हातानं खाटेची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "तू म्हनत हुतीस, थोतांड हाय."

"व्हय."

"तुजं खरं निगालं."

पंचवीस वर्षं मी या शब्दांची वाट बघितली होती. आता ते मिळाले, आणि ते परत घ्या म्हणून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मग आता," आप्पा म्हणाले, "कशाची वाट बगायची?"

तीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते आहे. कोनाड्यातली थेंबांची बाटली घेतली. थेंबांनी आता काही दिसणार नाही, डोळे दुखू नयेत म्हणून घालायचे असतात. "मान वर करा," मी म्हणाले. त्यांनी केली, अंगणात करायचे तशी, आणि डोळे पूर्ण उघडे ठेवले.

मी उजव्या डोळ्यात एक थेंब घातला, मग डाव्यात एक.